बारशाचं जेवण आणि कडबाकुट्टी

आमच्या घरात माझ्याआधी अळ्या जेवतात.

एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झाल्यावर माणसानं काहीतरी पाळावं म्हणतात. शेजाऱ्यानं म्हैस पाळली. मी खरकटं खाणाऱ्या काळ्या माशीच्या अळ्या पाळल्या! परसात ड्रम, ड्रमात खरकटं, खरकट्यात त्या. खाऊन टम्म झाल्या की बायकोच्या कोंबड्यांपुढं टाकायच्या. "काहीही घाला, फस्त करतात!" असं मी अख्ख्या येरमाळ्याला सांगून ठेवलं होतं. (कुणी विचारलं नव्हतं.)

लेकीचं बाळंतपण आमच्याकडंच झालं. नातीच्या बारशाला बायकोनं बजावलं, "ह्या पंगतीचं खरकटं तुमच्या अळ्यांनी संपवलं तर ठीक. न्हाय तर ड्रम भाईर, आन् तुमी रोज माझ्यापुढं भाजी निवडायला!"

भाजी निवडायला? मी! तिकिटं फाडलेल्या हातांनी?

पंगती उठल्या आणि खरकट्याचा डोंगर झाला. तेवढ्यात शेजाऱ्याची कडबाकुट्टी दिसली. कडबा कापणाऱ्या मशीनला भातभाजी काय जड! पत्रावळ्या, द्रोण, सगळ्यासकट दिलं ढकलून आणि निघालेला भुगा ओतला ड्रमात. पत्रावळ म्हणजे पान, पान म्हणजे निसर्ग! तिच्या आतली चंदेरी चकाकी मी शोभा समजलो होतो.

चार-पाच दिवसांनी ड्रम उघडला. चकाकीच्या बारीक भुग्याचा चिखल झाला होता आणि वास असा, की शेजारच्या म्हशीनं तोंड फिरवलं. टम्म व्हायच्या त्या अळ्या वाळल्या होत्या आणि ड्रमाचा काठ चढून ओसरीकडं निघाल्या होत्या. ओसरीवर लेकीला आणि नातीला न्यायला अणदूरहून विहीणबाई आलेल्या!

"अगं बया! हे काय चालून यायलंय?" विहीणबाईंनी बाजेवर पाय घेतले.

"चावत न्हाईत," मी धीर दिला. "घरच्याच हायत!"

"घरच्या?" त्यांनी नातीला पोटाशी धरलं. "सूनबाई, पिशवी भरा. आत्ताच्या आत्ता!"

बायकोनं एक अळी उचलून उजेडात धरली. "अवो, हिच्या पोटात काय चमकतंय?"

"द्रोण," मी म्हणालो.

"म्हंजी पलाष्टिक! ते अळीच्या पोटात, अळी कोंबडीच्या पोटात, आन् कोंबडीचं अंडं माझ्या बाळंतिणीच्या ताटात? व्हय वो?"

नशीब, त्या खेपेची एकही अळी कोंबड्यांपर्यंत पोचली नव्हती. मी हातापाया पडलो, तेव्हा ड्रम वाचला, पण एका अटीवर.

परवा एक बाई ड्रम बघायला आल्या. "काकू, ह्या समदं खात्यात व्हय?"

"छ्या! लई नाजूक खाणं हाय त्यांचं," बायको म्हणाली. "पलाष्टिकचा कण न् कण येचून द्यावा लागतोय. त्यासाठी ह्यांना ठेवलंय."

मी मान वर केली नाही. पुढ्यात खरकट्याची अर्धी बादली निवडायची बाकी होती, आणि "बसलाच हाय तर" म्हणून बायकोनं शेजारी मेथीची जुडी आणून ठेवली होती.