सातवा सांधा

"पूस ते. तुह्याच ओढणीनं पूस."

मालक खाली उभे होते, मी शिडीवर. वाफेच्या नव्या पाइपच्या सातव्या सांध्यावर मी पिवळ्या खडूने फुली मारली होती. फुली म्हणजे हा वेल्ड नापास. कापा, पुन्हा करा. खाली पेंडीची पोती भरणाऱ्या बाया हात थांबवून वर पाहत होत्या. त्यांत माझी मावशी होती. वेल्डर हसला. मागून कोणीतरी म्हणाले, धुनं-भांडी पन सांगा तिले.

मी पुसले. ओढणी नवी होती. सर्वांच्या देखत शिडी उतरले.

गुडीहत्नूरजवळची ही सरकीच्या तेलाची गिरणी. मालकांचे घर आम्हाला मागच्या दाराने ठाऊक. आई तिथे वांगी, मेथी घेऊन जायची. सोबत मी. पायरीखाली उभे राहायचे, वर यायचे नाही. पुढे मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, रेडिओग्राफीची परीक्षा दिली, आणि हैदराबादच्या एका कंपनीने मला नेमके याच गिरणीत तपासणीला पाठवले. मालकांनी पहिल्याच दिवशी ओळखले. "भाजीवालीची पोट्टी ना तू? आता लोखंडाचे फोटो काढून राह्यली म्हने."

फोटोच म्हणा. पाइप न कापता, न ठोकता त्याच्या आत पाहायचे. एका बाजूला गॅमा किरणांचा सोर्स, दुसऱ्या बाजूला फिल्म. जिथे धातू कमी, तिथून किरण जास्त जातात. तिथे फिल्म अधिक काळी पडते. सांध्याचा नंबर शिशाच्या अंकांनी पाइपवरच चिकटवतात, म्हणजे तो फिल्मवर उमटतो. सातव्या सांध्याच्या फिल्मवर कडेने एक सरळ काळी रेघ होती. तिथे दोन तुकडे वितळून एक झालेच नव्हते. वरून देखणा वेल्ड. आत फट. दाबाखालची वाफ अशीच जागा शोधते, आणि त्या जागेखाली बाया बसतात. इतके साधे होते.

फुली पुसली गेल्यावर मालक म्हणाले की वेल्डर सांधा दुरुस्त करील, संध्याकाळी पुन्हा फिल्म काढा. सोर्स ज्या जड पेटीत कुलूपबंद असतो, त्या कॅमेऱ्याची चावी मी सोबत आलेल्या सहकाऱ्याला दिली आणि निघून गेले. त्या आवारात मला उभे राहवत नव्हते.

सकाळी नवी फिल्म दिव्यासमोर धरली. नंबर सात. रेघ नाही. मधोमध फक्त तीन बारीक ठिपके. अडकलेल्या वायूचे बुडबुडे, चालण्याजोगे. दोन जवळजवळ, तिसरा जरा खाली. हे ठिपके मी पाहिले होते. सहाव्या सांध्याची जुनी फिल्म काढली, दोन्ही एकावर एक ठेवल्या, थोड्या सरकवल्या. ठिपक्यावर ठिपका बसला. वेल्डच्या लाटाही जुळल्या. दोन वेगळ्या वेल्डमध्ये असे कधीच होत नाही. सहावाच सांधा पुन्हा घेतला होता, वर सातचा अंक चिकटवून. सातव्याला कोणी हातही लावला नव्हता.

सहकाऱ्याला विचारले. तो हैदराबादचा, वयाने मोठा. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "नंबर सही है ना मॅडम? फिर कायकू टेन्शन ले रे?"

तिथे माझी लाज संपली. ओढणीपेक्षा मोठा अपमान माझ्या हातात होता. ही मुलगी अंक वाचेल, फिल्म वाचणार नाही, असे या माणसांनी गृहीत धरले होते. माझे शिक्षण त्यांना सहीपुरते हवे होते. माझे डोळे नको होते.

चावी मी परत मागून घेतली.

गिरणीत नारळ फुटला होता. वाफ सोडण्याची तयारी चालली होती आणि बाया पाइपखाली कामाला बसल्या होत्या. मी दोन्ही फिल्म मालकांसमोर उजेडात धरल्या आणि काय झाले ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मालकांनी फिल्मकडे पाहिलेच नाही.

"तुही माय अजून आमच्या मागच्या दारात येते. ध्यानात ठेव."

"ते मायले सांगा. मी सातव्या सांध्याची फिल्म काढून राह्यली. आत्ता. तुमी दोरीच्या बाहेर व्हा."

मी दोरी बांधायला घेतली. सोर्स पेटीबाहेर असताना दोरीच्या आत कोणीही थांबायचे नाही, हा नियम गिरणीत प्रत्येकाला मीच समजावला होता. पेंडीची जागा दोरीच्या आत. वाफेचा व्हॉल्व्हही आत, म्हणजे तोवर वाफ सोडता येणार नव्हती. मावशी आधी उठली. "चला वं बायांनो," ती म्हणाली, "पोट्टीचं काम हाय." बाया निघाल्या. व्हॉल्व्हजवळचा ऑपरेटर मालकांकडे पाहत राहिला, मग तोही निघाला. मालक जागचे हलले नाहीत. मी दोरी त्यांच्या छातीसमोर धरून उभी राहिले. खिशात फोन वाजत होता, कंपनीचाच असणार. वाजू दिला.

मालक मागे सरकले. "जिल्ह्यात तुले कुठं काम भेटते ते पाहतोच."

शिडीवर चढून सातचा अंक मी स्वतः चिकटवला. नोकरी जाईल. आईचे गिऱ्हाईक जाईल. मावशीलाही उद्या फाटकातून परत पाठवतील. हे सारे मला त्या शिडीवर स्पष्ट दिसत होते. हा सांधा कापला जाणार. तो कापतील तेव्हा मी समोर उभी असेन.