कानबाईचा रोट आणि निराळं ताट

प्रकाशा गावच्या प्रतिभाला आपल्या रक्तातल्या एचआयव्हीची भीती केव्हाच वाटेनाशी झाली होती. आता नुसती किळस यायची. नवरा त्यातच गेला, ही रोज गोळी गिळून ठणठणीत. समुपदेशक अजितने तिला नीट उलगडून सांगितलं होतं. हा मेला विषाणू दोन-चार हत्यारं घेऊन पेशीत शिरतो, स्वतःचा मजकूर तिच्या जनुकांत घुसडतो. मग पेशीचीच प्रथिनं तो मजकूर वाचतात आणि पेशीच बिचारी त्याची पिल्लावळ घडवते. निघताना तिच्याच कातडीचं पांघरूण ओढून पिल्लं पसार!

"म्हणजे ऐतखाऊच," प्रतिभा म्हणाली. "आमनाकडे बी शे एक."

तो म्हणजे तिचा दीर हेमकांत. केळी तिच्या वावरात, पाणी तिच्या मोटरीचं, ट्रॅक्टर तिच्या नवऱ्याचा. मिशा तेवढ्या त्याच्या स्वतःच्या. आणि हा दीडशहाणा तिचं ताट निराळं ठेवायचा! जेवणाखाण्यातून हा रोग पसरत नाही, हे अजितने घरी येऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. तिच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. गहू दरसालसारखा प्रतिभाच्याच वावरातला. आपणही घरातलीच, एवढं तरी आज या लोकांनी मानावं, असं तिला फार वाटत होतं. पदर खोचून ती परातीशी बसली.

"वहिनी, पीठले हात लावू नको!" हेमकांत ओरडला. "रोट शे."

प्रतिभाचा संताप मस्तकात गेला. "मन्हा हात चालस नही? मी भायेरनी ना? मंग गहू बी भायेरना. रोट कशाना करशी?"

तिने परात उचलली आणि शेजारच्या आपल्या खोलीकडे निघाली. सासू भिकुबाईही उठली, कानबाईला नमस्कार केला आणि रोट भाजायचं खापर काखेत मारलं.

"चाल पोरी, रोट तुन्हा घर करूत."

रोट भाजल्याचा वास गल्लीभर गेला. दुपारी दारात हेमकांत उभा. रोट चुकवला तर कानबाई कोपते म्हणे. खरं तर पोटात कावळे कोकलत होते. हातात स्वतःचं ताट.

प्रतिभाने त्याला वर-खाली न्याहाळलं.

"तठे बस, दूर," ती म्हणाली. "आणि ताट निराळं ठेव."