फुल अटेंडन्स

मीरा, तू हॉस्पिटल मॅनेजमेंटला प्रवेश घेतलास म्हणून हे आता लिहिते. अद्वैत, तूही वाच. फोनवर तुमच्या आजीला सलग सांगता येत नाही.

सत्तरच्या दशकात परभणीला मी ट्रेनिंग देणारी डॉक्टर होते. आरोग्य केंद्र कसं चालवायचं, कामं कशी वाटायची, हे स्टाफला शिकवायचं. एका ट्रेनिंगच्या दोन दिवस आधी कमल सिस्टर औषधं न्यायला आली आणि माझ्या टेबलाशी उभीच राहिली.

"बाई, ह्या बारीला मला सोडा. एका पोरीचे दिवस भरलेत. पायावर लय सूज हाय, डोकं दुखायलंय म्हनती."

अशा बाईला झटके येऊ शकतात. वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर ती जाते. कमलचं केंद्र जिंतूरच्या पुढे. डॉक्टरची जागा रिकामी, नर्स दोन. दोघींनाही बोलावणं होतं.

मी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडे गेले. "एक नर्स मागे ठेवू या."

"मुंबईहून डायरेक्टर येतायत, मॅडम. फुल अटेंडन्स पाहिजे. रिकाम्या खुर्च्या दाखवू त्यांना? शिपाई आहे ना तिथं?"

"शिपाई बाळंतपण करत नाही, साहेब."

"मग तुम्ही जा करायला," म्हणून ते हसले.

दुसऱ्या नर्सबरोबर कमलही ट्रेनिंगला आली. निघताना तिने त्या पोरीच्या नवऱ्याला बजावलं होतं, दुखायला लागलं की थेट जिंतूर गाठा.

दुसऱ्या दिवशी मी 'आपण नसताना काम कोणी बघायचं' हा विषय घेत होते. केंद्राचा शिपाई दारात आला.

"सिस्टर, ती पोर गेली. बैलगाडीतच. नवरा आधी आपल्याकडंच घेऊन आलता. म्या म्हनलं, कुनी न्हाई, जिंतूरला न्या."

"लेकरू?"

"त्ये बी न्हाई."

कमल पिशवी घेऊन निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही. दुपारी डायरेक्टरांबरोबर ग्रुप फोटो झाला. तिची खुर्ची आधीच उचलून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. "सेंटर बंद ठेवून ही आली कशी? एक्सप्लनेशन मागवा."

"तुमच्याच ऑर्डरनं आली."

"ऑर्डर हजर राहायची होती. सेंटर बंद ठेवायची नव्हती."

एक नर्स मागे ठेवू या असं मी सांगितलं होतं आणि साहेबांनी नकार दिला होता, हे मी लेखी दिलं. कमलची नोकरी वाचली, पण बदली पार पाथरीकडे झाली. साहेबांना प्रमोशन मिळालं.

कोर्समध्ये तुला तक्ते शिकवतील, ते शीक. पण कोणाला बोलावण्याआधी विचार, ती इथं आली तर तिथं कोण आहे?

त्या केंद्रातल्या नर्सनी पुढे आपसात ठरवलं, बोलावणं कोणाचंही असो, दोघींनी एकदम बाहेर जायचं नाही. कुठल्याही ऑर्डरमध्ये हे नाही. गेल्या वर्षी तिथली एक नर्स भेटली. म्हणाली, अजून तसंच चालतं.