गाळलेली चार मिनिटं

कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्टबाईंना एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या टायपिंगमध्ये चूक दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. प्राचार्यांच्या तोंडून जे निघे ते जसंच्या तसं कागदावर उतरलं असतं, तर कॉलेजला केव्हाच टाळं लागलं असतं. बाई ऐकत, नको ते गाळत आणि उरलेलं स्वच्छ भाषेत टाइप करत. या गाळण्याचा त्यांना कोण अभिमान!

यंदा पहिल्या वर्षाला ऐकू न येणारी एक मुलगी आली आणि तिच्यासाठीचं काम साहजिकच बाईंच्या गळ्यात पडलं. तास व्हिडिओवर रेकॉर्ड व्हायचे. त्याखाली कॉम्प्युटरने आपोआप लिहिलेल्या ओळी वाचून संख्याशास्त्राचे सर म्हणाले, "हे मी बोललो असेन, तर माझी डिग्री काढून घ्या." मग बाई हेडफोन लावून बसू लागल्या. संध्याकाळपर्यंत व्हिडिओखाली सगळं लिहून तयार. सरांना विषय सोडून भरकटायची भारी हौस. ते सगळं चऱ्हाट बाई बिनदिक्कत कापत. पोरीला अभ्यास हवा, पाल्हाळ कशाला?

दोन महिन्यांनी मुलगी ऑफिसात आली ती प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊनच. बाईंचा चेहरा उतरला.

"अगं, मार्क तर चांगले आहेत तुला!" त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. "माझं काही चुकतंय का?"

मुलीने मोबाइलवर टाइप केलं, "अभ्यास सगळा कळतो, बाई. वर्ग कळत नाही."

मग तिने एक व्हिडिओ लावला. चौदाव्या मिनिटाला अख्खा वर्ग खदाखदा हसत होता, सर टेबल धरून हसत होते, आणि खालची पट्टी चार मिनिटं कोरी. "इथे काय झालं?"

बाई सवयीने लिहून गेल्या, "काही नाही गं."

"घरीही हेच सांगतात," मुलीने लिहिलं. "सगळे हसतात. मी विचारलं की काही नाही. निदान कॉलेजात तरी..." पुढचं तिने पुसून टाकलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गाळण्याचा एवढा तोरा मिरवला, त्यानेच या पोरीला वर्गाबाहेर ठेवलं होतं. त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि लिहिलं, "शुक्रवारपर्यंत थांब. तरीही जायचं असेल, तर मी स्वतः शिक्का मारून देते."

गुरुवारी संख्याशास्त्राच्या तासाला बाई लॅपटॉप घेऊन पहिल्या बाकावर, मुलीच्या शेजारी. त्या टाइप करतील ते मुलीपुढच्या टॅबवर लगेच उमटणार होतं. सरांची बोबडीच वळली.

"बाई, सगळंच लिहिणार? मी काहीबाही बोलतो हो!"

"बोला की. खोकलात तरी लिहिणार. फक्त फळ्याशी बोलू नका, आमच्याकडे तोंड करा."

बोटं तुटायची वेळ आली, पण बाईंनी काही म्हणता काही सोडलं नाही. मागच्या बाकावरची कुजबुज, कुणाची तरी शिंक, त्या शिंकेवर सरांनी मारलेला टोमणा, सगळं टॅबवर. थोड्या वेळाने सर नेहमीप्रमाणे भरकटले. सरासरी राहिली बाजूला आणि "आमच्या वेळी मी वर्गात पहिला यायचो" सुरू झालं.

मुलीने मोबाइलवर भराभर काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. मोबाइलचा सपाट आवाज वर्गभर घुमला, "सर, वर्गात मुलं किती होती?"

छप्पर उडेल असा हशा पिकला. सर कपाळावर हात मारून "तीन! तिघंच होतो!" म्हणाले, तेव्हा तर पोरांनी बाकं बडवली. बाई एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने टाइप करत होत्या.

शुक्रवारी मुलगी ऑफिसच्या दारात उभी राहिली. बाईंनी अर्ज काढायला ड्रॉवर उघडला, तेवढ्यात मुलीने मोबाइल पुढे केला, "काल सगळे किती वेळ हसत होते? मी लाजून खाली बघत होते. मला कळलंच नाही."

बाईंनी हेडफोन लावला, रेकॉर्डिंग मागेपुढे करून दोनदा मोजलं आणि कागदावर लिहिलं, "एकोणतीस सेकंद. सगळ्यात शेवटी थांबले ते सर."

मुलीने त्या कागदाची नीट घडी करून वहीत ठेवली आणि पुढच्या तासाला उशीर होईल म्हणून पळाली. अर्जाची तिला आठवणसुद्धा झाली नाही.