रक्त माझंच कशावरून?

विम्याच्या क्लेमची चौकशी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. गोदाम जळालं की जाळलं, हे मी आधी विचारायचो. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात आली आणि बायकोला तिचा जाच होऊ लागला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. डोंबिवलीतल्या लॅबने पुढची तपासणी करून लिहिलं, बी पेशींचा ल्युकेमिया, सावकाश वाढणारा. यात बरीच वर्षं औषधाशिवायही जातात, असं आमचे डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी ठाण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी कोलशेतच्या बाजूच्या एका लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला लावलं. तिथला रिपोर्ट वेगळाच आला. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा संशय, आणखी एक तपासणी करावी.

दुसऱ्याने लिहिलेला 'संशय' मला आवडला नाही. तपासणीत कुणाचं तरी कमिशन असणार, नाहीतर रक्ताची नळी बदलली असणार. घरी काही न सांगता मी त्या लॅबमध्ये गेलो आणि तिथल्या डॉक्टरबाईंपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले.

"यातला खोटा कोणता?"

"मुद्दाम खोटं कुणीच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, त्यांना आम्ही मार्कर म्हणतो. त्यावरून पेशी ओळखायची. तुमच्या पेशींवर सीडी १९ आहे, म्हणजे त्या बी पेशी. सीडी ५ पण आहे. तो या दोन्ही आजारांत असतो. पहिली लॅब तिथेच थांबली आणि जास्त आढळणारा आजार लिहून मोकळी झाली. आम्ही सीडी २३ पण बघितला. त्या ल्युकेमियात तो बहुतेक वेळा सापडतो. तुमच्यात नाही."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पुंजका होता, एक ठिपका म्हणजे एक पेशी. सीडी २३ असता तर ठिपके जिथे सरकले असते, तो कोपरा रिकामा होता.

"हे ठिपके माझेच कशावरून?"

मला वाटलं, बाई चिडतील. त्यांनी मला बाही वर करायला सांगितली.

"तुमच्यासमोर नळीवर नाव घालते. थांबाल ना?"

थांबलो. नळी कुठे जाते, तिला कोण हात लावतं, ते काचेतून बघत राहिलो. चहा आला, तो घेतला नाही. दुपार उलटल्यावर बाईंनी आत बोलावलं. पुंजका होता तिथेच होता, आणि कोपरा रिकामाच.

"ती पुढची तपासणी कशाला?" मी विचारलं.

"जनुकांची एक ठरावीक अदलाबदल झालीय का, ते बघायला. मग पक्कं सांगता येईल."

"करा."

पक्कं झालं. मॅन्टल सेल लिम्फोमा, बहुतेक वेळा लगेच उपचार लागणारा. नळी बदलली असेल असं वाटत होतं, तोवर आजार दुसऱ्या कुणाचा तरी होता. आता तो माझ्यासोबत घरी आला.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला का नाही नेलंत?" मी सगळे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले.

उपचार सुरू झाले. पेशी उतरल्यात. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलंय. आता ती दर वेळी बरोबर येते आणि प्रश्न तीच विचारते.