उत्तरं माझी मी देईन

कोरिन हुडाकला राग आला की ती आधी चष्मा काढून ठेवायची. समोरच्याचं तोंड धूसर दिसलं की बोलायला सोपं जातं, असं तिचं म्हणणं. अमेरिकेतल्या हेझल्टन गावच्या चर्चमधल्या बायकांना हे ठाऊक होतं. दर शुक्रवारी तळघरात बटाट्याच्या पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, करायला त्या जमायच्या. कडा दाबून बंद करायचं काम कोरिनकडे असे. कुणी कौतुकानं "वा गं आमचं बाळ!" म्हणालं, की चष्मा टेबलावर यायचा.

"बाळ नाही मी. वीस वर्षांची आहे."

कोरिनला जन्मापासून डाउन सिंड्रोम. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आईला, बर्नडेटला, फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. त्या दिवसापासून बर्नडेटनं कंबर कसली ती कसलीच. शाळेशी भांडली, डॉक्टरांशी भांडली, नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, म्हणून एकटीच भांडली आणि बहुतेक वेळा जिंकली. घरी मात्र लेकीला सकाळी हलवून उठवायची तीच, थायरॉइडची गोळी हातावर ठेवायची तीच, बुटाच्या नाड्या बांधायचीही तीच.

मावसबहीण कॉलेजला गेली तशी कोरिननंही हट्ट धरला. शेजारच्या गावातल्या कॉलेजात तिच्यासारख्या मुलांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वसतिगृहात राहायचं, बाकीच्यांबरोबर वर्गात बसायचं, अर्धा दिवस काम शिकायचं. मुलाखतीला दोघी नटून गेल्या.

अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रुइट बाईंनी विचारलं, "कोरिन, सकाळी तू कशी उठतेस?"

"मी उठवते ना," बर्नडेट म्हणाली.

"गोळ्या कुठल्या घेतेस?"

"थायरॉइडची. रोज माझ्या हातानं देते, एक दिवस चुकत नाही."

"मिसेस हुडाक, मी कोरिनला विचारतेय."

"हो, पण ती लाजते हो अनोळखी माणसांसमोर."

कोरिन लाजत नव्हती. उत्तर तिच्या ओठांवर यायचं आणि आई ते उचलून न्यायची. शेवटी ती भिंतीकडे बघत बसली.

नकार फोनवर आला. कोरिनची अजून तयारी नाही, पुढच्या वर्षी या. बर्नडेटनं फोन आपटला. "यांना काय कळतंय! मी वरपर्यंत जाईन, सोडते की काय!"

कोरिननं चष्मा काढला.

"उत्तरं तू दिलीस. नापास तू झालीस. मी नाही."

"अगं राणी, मी तुझ्यासाठीच…"

"मला कुणी विचारलंच नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीला आतून कडी लावली. गजर स्वतः लावला, तो वाजून वाजून बंद पडला आणि ती दुपारपर्यंत झोपली. कपडे स्वतः धुतले, तर बापाचे पांढरे सदरे गुलाबी निघाले. बर्नडेट दाराबाहेर हात चोळत उभी राही. तिलाही राग येत होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आयुष्यभर ती ज्यांच्याशी भांडली, त्यांच्या रांगेत तिच्या पोरीनं तिलाच नेऊन उभं केलं होतं.

एप्रिलमध्ये कोरिन एकटी बसनं वाचनालयात निघाली. तीन थांबे गेल्यावर मागच्या काचेतून पाहते तो काय, बसच्या मागोमाग आईची निळी गाडी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि सरळ गाडीपुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात बॉनेटवर आपटले.

"घरी जा!"

"वेडी झालीस का? रस्त्यात उभी आहेस!"

"तू घरी जा, मग मी बाजूला होते!"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. एक माणूस खिडकीतून डोकं काढून दोघींना शिव्या घालत होता. बर्नडेटनं गाडी जेमतेम हातभर मागे घेतली, वळवली आणि गेली. बस तर केव्हाच निघून गेली होती. कोरिन उरलेली वाट चालली, एका वळणावर चुकली, पेट्रोलपंपावर विचारलं आणि पोचली तेव्हा वाचनालय बंद होत होतं. तशीच परत फिरली, बसनं.

पुढच्या वर्षीच्या मुलाखतीला बर्नडेट गाडीतच बसून राहिली.

"अजून काय जमत नाही तुला?" प्रुइट बाईंनी विचारलं.

"काट्यांचं घड्याळ कळत नाही. आकड्यांचं कळतं. आणि राग आवरत नाही."

"कुणावर येतो राग?"

"माझ्याऐवजी बोलणाऱ्यांवर."

तिला घेतलं. ऑगस्टमध्ये सामान खोलीत लागलं आणि सवयीनं बर्नडेट चादर घालायला वाकली.

"आई, बाहेर."

"इतकी वर्षं मी जगाशी भांडले म्हणून तू आज इथे उभी आहेस! कळतंय का तुला?"

"कळतंय," कोरिन म्हणाली. "तरी बाहेर."

बर्नडेट गेली. गाडीत बसून रडली आणि तिथेच स्टिअरिंगवर मुठी आपटल्या.

महिनाभरानं कोरिनचा फोन आला, आवाज नुसता फुललेला. "आई, आज मी झोपून राहिले, वर्ग बुडाला, आणि मला सगळ्यांसारखा ओरडा बसला!"

"कोण ओरडलं तुला? नाव सांग मला त्याचं!"

कोरिननं फोन ठेवून दिला.