तोंड आत, बूड बाहेर

पोतं करंगळीच्या नखाएवढं. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, त्याच्या पिशव्या शिवायच्या, आत राजगिरा भरायचा आणि तोंड तपकिरी दोऱ्यानं टाचायचं. राजगिरा अशासाठी, की पोतं पोत्यावर ठेवलं की खऱ्यासारखं दबून बसतं. आधी मी शाडूची पोती केली होती. ती बघून अप्पा म्हणाले, "पोते हायेत का साबणाच्या वड्या?"

अप्पा म्हणजे माझे वडील, जालन्याच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी फळीवर छोटी मालगाडी मांडते. माझ्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरलेला माल त्यांना कधीच पसंत पडला नाही. खराट्याच्या काड्या रंगवून लोखंडी सळया केल्या, तर म्हणाले, "लांब सळई मधी लवती. ही ताठ कशी?" मी फणफणायचे आणि मग गुपचूप काड्या भिजवून वाकवायचे. शाबासकी त्यांनी कुणालाच दिली नव्हती, मला कुठून देणार.

यंदा मात्र त्यांनी मला बोल लावावेत म्हणून मी जीव टाकत होते.

अप्पांना काचबिंदू आहे. "दिसतं का?" विचारलं की "बिलकुल दिसतं," हे ठरलेलं उत्तर. पण चौकटीला खांदा धडकायचा, पाण्याचा तांब्या शेजारी असून हात भलतीकडे जायचा. दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी बाकावर बसल्या बसल्या, आधीच्या पेशंटांचं ऐकून पाठ केलेली. मशीनवर उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. ते वाटेल तेव्हा दाबायचे. वर दर चतुर्थीला बसनं एकटे राजूरच्या गणपतीला जायचे. त्या दिवशी माझं वर्गात लक्ष लागायचं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी या. घरी त्यांना खरंच किती दिसतं ते तुम्हीच बघून सांगा, मग ऑपरेशनचं ठरवू."

मी कसं बघणार? डोळ्यांसमोर बोटं नाचवली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

मग थप्पीचा नियम आठवला. पोत्याची थप्पी लावताना तोंड आत, बूड बाहेर. शिवण उसवली तर धान्य खाली सांडत नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हातही आत जात नाही. घरातली दोन पोती उलटी ठेवली तरी अप्पा ती पुन्हा लावायला लावायचे. मी एका वाघिणीचं दार उघडं ठेवलं आणि दारातली सगळी पोती तोंडं बाहेर करून रचली. चहाच्या रंगावर तपकिरी टाके ठसठशीत दिसत होते. बापाची अशी परीक्षा घ्यायची माझी मलाच लाज वाटत होती, पण गुरुवार जवळ आला होता.

रविवारी सकाळी अप्पा अंगणात उन्हाला बसले होते. "काय करून राह्यली सकाळधरनं?" त्यांनी विचारलं. मी वाघीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मान वाकडी केली. बोला, वाट्टेल ते बोला, मी मनात म्हणत होते.

"काय भरलं?"

"ज्वारी."

"बराबर हाय," अप्पा म्हणाले. "एक नंबर लावली थप्पी."

जन्मात पहिल्यांदा शाबासकी मिळाली आणि ती मला नको होती.

"नीट बघा ना, अप्पा."

"बघितलं की. बराबर हाय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला, त्यांच्या खोटेपणाचा आणि स्वतःच्याही. "समोरच्या सगळ्या पोत्यांची तोंडं बाहेर आहेत," मी म्हणाले. "मीच लावलीत तशी. मुद्दाम."

अप्पांचा अंगठा चाचपत दारापाशी आला, पहिल्या पोत्याच्या टाक्यांवरून फिरला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. बराच वेळ ते तेच करत राहिले.

"दिसंना झालंय, माय," ते म्हणाले. "पण तू लावली म्हणल्यावर बराबरच असंल, असं समजून बोल्लो."